विचारणारा अनभिज्ञ, सांगणाराही अनभिज्ञ : विश्वकोश आणि विकिपीडिया, संदर्भ विभागाच्या टेबलावरून

आमचे ग्रंथालय दक्षिण रायगडातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. शासनाच्या प्रतवारीत ते ‘अ’ वर्गात मोडत असले, तरी त्याचा संदर्भ विभाग म्हणजे प्रत्यक्षात एक लांब टेबल, दोन संगणक, छापील मराठी विश्वकोशाचे खंड लावलेले एक कपाट आणि टेबलामागे बसणारी मी, एवढाच आहे. शाळकरी मुले, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार, जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक, निवृत्त मंडळी आणि अधूनमधून एखादे वकील किंवा कीर्तनकार असे वाचक येथे येतात आणि विंचवाच्या विषापासून वतनदारीपर्यंत कशाबद्दलही विचारतात. मी शिकले इतिहास. त्यामुळे दहापैकी आठ प्रश्नांच्या बाबतीत विचारणारा जितका अनभिज्ञ असतो, तितकीच मीही असते. फक्त उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर असते.

ही जबाबदारी पार पाडताना ज्या ऑनलाइन कोशांवाचून माझा एक दिवस जात नाही, त्यांचे हे परीक्षण आहे: मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया, इंग्रजी विकिपीडिया आणि कधीमधी केतकरांचा ज्ञानकोश. हे सारे विनामूल्य आहेत, त्यामुळे पैसे वसूल झाले की नाही हा मुद्दा येथे उद्भवत नाही. मुद्दा वेगळाच आहे. एखाद्या अभ्यासकाने स्वतःसाठी कोश उघडणे आणि मी तो उघडून दुसऱ्याला उत्तर सांगणे, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. अभ्यासकाच्या नजरेला चूक खटकते, कारण त्याला आजूबाजूचे पुष्कळ ठाऊक असते. माझ्या वाचकाला ती खटकत नाही, पुष्कळदा मलाही खटकत नाही, आणि तो मात्र “ग्रंथालयात विचारून आलोय” असे सांगून तीच गोष्ट चारचौघांत ठामपणे मांडतो. म्हणून माहिती बरोबर आहे का, या प्रश्नाच्याही आधी मी एक प्रश्न विचारते: ती चुकीची किंवा शिळी असेल, तर माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला ते कळण्याची काही सोय या कोशात आहे का? पुढचे सारे मोजमाप या एका निकषाने केले आहे.

सुरुवात मराठी विश्वकोशापासून करते, कारण आमच्याकडे अजूनही पहिला हात त्यालाच लागतो. १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य संस्कृती मंडळाच्या छत्राखाली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत या कामाची उभारणी केली, पहिला खंड १९७६ साली आला आणि १९८० च्या डिसेंबरात विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ अस्तित्वात आले. या कोशाची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती नोंदीच्या अगदी तळाशी असते आणि वाचक तेथवर क्वचितच पोहोचतो. तेथे लेखकाचे नाव असते. नोंद मुळात इंग्रजीत लिहून घेतलेली असेल, तर एका नावापुढे ‘इं.’ आणि भाषांतर करणाऱ्याच्या नावापुढे ‘म.’ अशी खूण असते. त्याच्या आधी ‘पहा’ म्हणून संबंधित नोंदींची नावे आणि संदर्भग्रंथांची छोटी यादी असते. म्हणजे हे कोणी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले आणि आणखी कोठे पाहावे, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडतात. वाचकाला उत्तर देताना “असे म्हणतात” याऐवजी “अमुक प्राध्यापकांनी असे लिहिले आहे” असे मी म्हणू शकते, ही सोय लहान नाही.

मात्र याच विश्वकोशात एक खाचखळगा आहे, आणि तो ध्यानात यायला मला स्वतःला काही वर्षे लागली. छापील खंड वर्णक्रमाने निघाले. पहिला खंड आणि शेवटचा खंड यांच्यामध्ये सुमारे चाळीस वर्षे गेली. याचा सरळ अर्थ असा की, या कोशात एखाद्या विषयाचे ज्ञान किती जुने आहे, हे त्या विषयाच्या आद्याक्षरावर ठरते. ‘अ’, ‘आ’, ‘इ’ ने सुरू होणारे विषय सत्तरच्या दशकातल्या माहितीवर थांबलेले, तर ‘स’ आणि ‘ह’ ने सुरू होणारे विषय एकविसाव्या शतकात लिहून झालेले. अवकाशाबद्दलची नोंद वर्णक्रमाने पहिल्याच खंडात येणार, आणि तो खंड निघाला तेव्हा आर्यभट उपग्रह सोडून जेमतेम वर्ष झाले होते. चांद्रयान त्यात असेल कसे? एड्सचे पहिले रुग्ण वैद्यकाच्या नोंदीत आले १९८१ साली, आणि ‘ए’ हे अक्षर तोवर छापून बाजूला पडले होते, त्यामुळे मूळ वर्णक्रमात त्या रोगाला जागाच मिळणे शक्य नव्हते. कुष्ठरोगावर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली तीही १९८१ चीच; सत्तरच्या दशकात लिहिलेल्या कोणत्याही नोंदीत ती नसणार, मग लेखक कितीही थोर असो. प्लूटोचे ग्रहपद २००६ च्या ऑगस्टमध्ये गेले, आणि ‘प’ चे खंड त्याच्या किती तरी आधीचे.

यात संपादकांचा दोष काढणे कृतघ्नपणाचे होईल. छापील कोश असाच जन्मतो. अडचण उभी राहिली ती हे खंड संकेतस्थळावर आल्यानंतर. कपाटातला १९७६ चा खंड हातात घेतला की त्याची पिवळी पडलेली पाने, पुठ्ठ्याची बांधणी आणि जुना टंक हे सारे मिळून वाचकाला त्याचे वय सांगतात. पडद्यावर तीच नोंद स्वच्छ पांढऱ्या पार्श्वभूमीवर, आजच्या टंकात, कालच लिहिल्यासारखी समोर येते. जे वय कागद न सांगता सांगत होता, ते आता मला तोंडाने सांगावे लागते. विश्वकोश मंडळाने पुढे विषयवार ज्ञानमंडळे नेमून नव्या नोंदी लिहून घ्यायला आणि जुन्यांत भर घालायला सुरुवात केली, हे अगदी योग्य झाले. पण त्यामुळे आता जुनी आणि नवी नोंद एकाच शोधात शेजारीशेजारी येते आणि दोहोंतला फरक ओळखण्याचे काम अनभिज्ञ वाचकाकडे येऊन पडते.

विश्वकोशाच्या भाषेबद्दलही सांगितले पाहिजे. मागच्या उन्हाळ्यात एक काका आले आणि म्हणाले, “मॅडम, रेडिएशनबद्दल काही मराठीत आहे का?” विश्वकोशात रेडिएशनला ‘प्रारण’ म्हणतात. हा शब्द काकांना ठाऊक असायचे कारण नव्हते, आणि ज्याला नोंदीचे शीर्षकच ठाऊक नाही त्याने शोधाच्या चौकटीत लिहायचे काय? अशा वेळी १९७३ साली निघालेला विश्वकोशाचा परिभाषा संग्रह माझ्या कामी येतो. इंग्रजी संज्ञेवरून मराठी शब्द काढायचा आणि मग त्या शब्दाने नोंद गाठायची. नोंदी लिहिणाऱ्यांनाही ही अडचण दिसत होती, कारण पुष्कळ ठिकाणी अवघड शब्दापुढे कंसात त्याचा सोपा अर्थ दिलेला असतो: प्रारण म्हणजे तरंगरूपी ऊर्जा, अशा धर्तीवर. पूर्वी मला या कंसांचा कंटाळा यायचा. आता वाचकाला मोठ्याने वाचून दाखवताना मी नेमकी त्या कंसांवरच उभी असते.

पण काकांची गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. नोंद वाचून दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “आमच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर बसवतायत.” खरा प्रश्न हा होता. प्रारण म्हणजे काय हे त्यांना जाणून घ्यायचेच नव्हते. सुनेला दिवस गेलेले असताना टॉवरला संमती द्यावी की देऊ नये, हे ठरवायचे होते. कोशाकडे या प्रश्नाचे उत्तर नसते. तो फार तर एवढे दाखवू शकतो की क्ष-किरणांसारखे आयनीकारी (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करू शकणारे) प्रारण आणि रेडिओ तरंगांसारखे अनायनीकारी प्रारण या वेगवेगळ्या जाती आहेत, आणि भीती घालणारे बहुतेक संदेश या दोन जाती एकाच पोत्यात भरतात. तेवढे सांगून मी त्यांना दूरसंचार विभागाच्या उत्सर्जन मर्यादेबद्दल कोठे विचारायचे ते लिहून दिले. कोशाचा चांगला उपयोग येथे झाला, पण तो उत्तर देण्यासाठी नव्हे, प्रश्न नीट मांडण्यासाठी झाला.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच सुरू झाला. आज त्यावर लाखाच्या आसपास लेख आहेत. या आकड्याने हुरळून जाण्याआधी आपल्या तालुक्यातल्या एखाद्या लहान गावाचे पान उघडून पाहावे. ‘अमुक हे भारताच्या महाराष्ट्र राज्यातील तमुक जिल्ह्यातील एक गाव आहे’ हे पहिले वाक्य, आणि त्याखाली ‘भौगोलिक स्थान’, ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’, ‘जवळपासची गावे’ अशी मथळ्यांची रांग. मथळ्यांखाली बहुतेक ठिकाणी काहीच नाही, किंवा मग पावसाळ्यात पाऊस पडतो आणि हिवाळ्यात हवा थंड असते या धर्तीचे, कोकणातल्या कोणत्याही गावाला लागू पडेल असे एखादे वाक्य. गावावर प्रकल्प करायला आलेला मुलगा हे पान पाहून खूश होतो, कारण मथळे तयार असतात. मी त्याला सांगते की हे रिकामे घर आहे, सामान तुला आणायचे आहे. ग्रामपंचायतीत जा, शाळेच्या मुख्याध्यापकांना भेट, आजीला विचार. मथळ्यांचा तेवढा उपयोग आहे, आणि तो मी नाकारत नाही.

याच विकिपीडियाची दुसरी बाजू अशी की, ताज्या घटनांच्या बाबतीत छापील परंपरेतला कोणताही मराठी कोश त्याच्या जवळपास पोहोचत नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा जिल्हे होते २६. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ते ३६ झाले. त्यानंतर औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, हे राज्य फुलपाखरू ठरले २०१५ साली. जुलै २०२५ मध्ये शिवकालाशी जोडलेले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला जिंजी तामिळनाडूत आहे आणि उरलेले अकरा आपल्याकडे. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांना लागते ते नेमके हेच, आणि ते मिळते विकिपीडियावर. मात्र ते मिळाल्यावर थांबायचे नसते. पानाखाली दिलेल्या दुव्यावरून शासनाच्या अधिसूचनेपर्यंत किंवा युनेस्कोच्या स्वतःच्या यादीपर्यंत जायचे आणि उत्तर तेथून द्यायचे. विकिपीडियाचे धोरणही याहून वेगळे काही सांगत नाही: तेथील एका लेखात आधार म्हणून विकिपीडियाच्याच दुसऱ्या लेखाचा हवाला देता येत नाही. जो कोश स्वतःला स्वतःचा आधार मानत नाही, त्याला मी माझ्या उत्तराचा शेवटचा आधार का मानावे?

विकिपीडियाच्या दोन्ही आवृत्त्यांमध्ये, माझ्या निकषाने पाहता, विश्वकोशापेक्षा सरस अशी एक सोय आहे. लेखाच्या वर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ असे दोन दुवे असतात. इतिहासात प्रत्येक बदलाची तारीख आणि वेळ असते, आणि दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवून कोणता शब्द कधी आला हेही पाहता येते. एखाद्या संताच्या किंवा सरदाराच्या जन्मगावाबद्दल, जातीबद्दल किंवा कुळाबद्दल कोणी विचारले, की मी लेख वाचायच्या आधी इतिहास उघडते. महिनाभरात तीच ओळ दहा वेळा इकडून तिकडे बदललेली दिसली, तर तेथे माहिती नसून भांडण आहे एवढे मला विषय न कळताही कळते. अशा वेळी मी वाचकाला कोणताही एक पक्ष सांगत नाही. मते दोन आहेत आणि ती कोणाकोणाची आहेत, एवढे दाखवते. वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण असेल, तर ते वाक्य मी मुळीच वाचून दाखवत नाही. पूर्वी दाखवायचे. एका गृहस्थांनी तसलेच एक वाक्य, मी दिलेल्या छापील प्रतीवरून, गावच्या वर्धापनदिनाच्या भाषणात वापरले आणि सभेत बसलेल्या एका जाणत्या माणसाने त्यांना तिथल्या तिथे थांबवले. गृहस्थ मला काही बोलले नाहीत. मात्र पुढे दोन महिने ते ग्रंथालयात आले नाहीत, आणि ते मला बोलण्यापेक्षा अधिक लागले.

इंग्रजी विकिपीडियाची गोष्ट निराळी आहे. विज्ञानाच्या विषयांत त्याची खोली मराठीतल्या कोणत्याही ऑनलाइन कोशाला नाही, हे मान्यच केले पाहिजे. त्याच्या बाजूने नेहमी ‘नेचर’ या नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये ब्रिटानिका या इंग्रजी विश्वकोशाशी केलेल्या तुलनेचा दाखला दिला जातो. विज्ञानातल्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या तेव्हा विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३ लहानमोठ्या चुका निघाल्या, तर गंभीर चुका दोन्हींकडे चार-चार. ब्रिटानिकाने पुढे या तपासणीच्या पद्धतीलाच आक्षेप घेतला. हा दाखला खरा आहे, पण तो जेथे लागू नाही तेथेही लावला जातो. इंग्रजीतल्या विज्ञानविषयक नोंदींचा निकाल मराठीतल्या नोंदींना लागू होत नाही, इतिहासाला तर नाहीच, आणि ज्या विषयाकडे फारसे कोणी फिरकत नाही त्याला अजिबात नाही.

हे शेवटचे वाक्य मी उगाच लिहीत नाही. त्याचे उदाहरण आमच्या कोकणपट्टीच्या शेजारीच, गोव्यात घडले आहे. २००७ च्या जुलैत इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या संघर्षाबद्दल एक लेख अवतरला. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात अघोषित युद्ध झाले आणि त्याचा शेवट तहाने झाला, अशी त्याची हकीकत होती. लेख सुमारे साडेचार हजार शब्दांचा, रीतसर परिच्छेदांचा आणि तळटिपांचा होता. दोनच महिन्यांत त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला, आणि तो २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकीपर्यंत सुमारे पाच वर्षे कायम राहिला. असे युद्ध कधी झालेच नव्हते. तळटिपांत दिलेली पुस्तकेही अस्तित्वात नव्हती.

मराठी माणसाला ही हकीकत सांगितली की तो आधी हसतो. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत होते आणि डिचोलीही आदिलशाही मुलखातच होती. पोर्तुगीजांच्या हाती तेव्हा तिसवाडी, बारदेश आणि साष्टी एवढाच भाग होता आणि डिचोली त्यांच्याकडे गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. आमच्याकडे आठवीतल्या मुलालाही ‘१६४० सालचे मराठा साम्राज्य’ हे शब्द वाचून थबकायला झाले असते. पण हसून झाल्यावर मी स्वतःला विचारते, हाच लेख गोव्याऐवजी बोलिव्हियातल्या एखाद्या खोऱ्याबद्दल असता, आणि सहलीला निघालेल्या एखाद्या ताईंनी मला त्याबद्दल विचारले असते, तर मी काय केले असते? तळटिपा मोजल्या असत्या, दर्जाची खूण पाहिली असती आणि छापून दिला असता. लेख तपासणारेही नेमके तेथेच फसले: तळटीप आहे हे त्यांनी पाहिले, पण तळटिपेतले पुस्तक जगात आहे का, हे पाहिले नाही. तेव्हापासून माझी सवय अशी की, इंग्रजी लेखातल्या ज्या एका वाक्यावर माझे उत्तर उभे राहणार असेल, त्या वाक्याच्या तळटिपेतले पुस्तक मी कोणत्या तरी मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत शोधते. दोन मिनिटे लागतात. सापडले नाही, तर ते वाक्य मी देत नाही.

एकाच साक्षीदाराला दोनदा उभे करण्याची चूकही येथेच घडते. मार्च २००९ मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस जार यांचे निधन झाले, तेव्हा डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या तोंडी घातलेले एक बनावट वाक्य विकिपीडियाच्या लेखात टाकले. संपादकांनी ते काढलेही. पण तोवर काही नामांकित वृत्तपत्रांच्या मृत्युलेखांत ते छापून आले होते. समजा ते वेळीच काढले गेले नसते, तर दुसऱ्या दिवशी त्याच वृत्तपत्रांचा हवाला देऊन ते लेखात कायमचे बसले असते. आता माझ्याकडे येणारा तरुण वाचक मोबाइलवर उत्तर आधीच पाहून आलेला असतो आणि ते माझ्याकडून पक्के करून घ्यायला येतो. मोबाइलवरचे ते उत्तर पुष्कळदा विकिपीडियातूनच उचललेले असते. मीही विकिपीडिया उघडून “बरोबर आहे” म्हटले, तर दोन साक्षी झाल्या असे त्याला वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकच, फक्त दोन कपड्यांत.

औषधोपचाराच्या प्रश्नांना मात्र मी कोणत्याच कोशातून उत्तर देत नाही, आणि या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही. एका वाडीवरच्या शाळेतल्या बाईंना फळ्यावर विंचूदंश आणि सर्पदंश यांचा प्रथमोपचार लिहायचा होता. आमच्या भागात तांबडा विंचू आहे, त्यामुळे प्रश्न पुस्तकी नव्हता. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून असंख्य जीव वाचवले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इंग्रजी विकिपीडियात तांबड्या विंचवाच्या लेखात प्राझोसिनचा उल्लेख सापडतोही. पण हा उल्लेख वाचून कोणी औषधाच्या दुकानात जाऊन गोळी मागितली तर? माहिती खरी असूनही ती चुकीच्या हाती पडली, असे होईल. म्हणून बाईंना मी कोशातून विंचवाची ओळख आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची चित्रे काढून दिली; प्रथमोपचाराचा मजकूर मात्र ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगितला. त्यांनी चार ओळी दिल्या: कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, अवयव न हलवता रुग्णालयात आणा. फळ्यावर तेवढेच लिहिले गेले.

राहिला केतकरांचा ज्ञानकोश. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात पुरा केलेले हे २३ खंड मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संकेतस्थळावर आणले, हे फार मोठे काम झाले. तथापि अनभिज्ञ वाचकाला उत्तर म्हणून मी तो देत नाही. जाती, वंश आणि जगाचे नकाशे या बाबतींत तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे, आणि एका माणसाच्या तीव्र मतांचा ठसा त्यावर आहे. १९२५ साली मराठी वाचकाला अमुक गोष्टीबद्दल काय सांगितले जात होते, असा प्रश्न असेल, तर मात्र त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. असे प्रश्न विचारणारे वर्षाला दोन-तीन येतात आणि ते अनभिज्ञ नसतात.

गुण द्यायचेच झाले, तर संकल्पना समजून घेण्यासाठी, तत्त्वज्ञान, साहित्य, जुना इतिहास आणि ज्या विज्ञानात चाळीस वर्षांत पाया बदललेला नाही अशा विषयांसाठी, मी मराठी विश्वकोशाला वरचा क्रमांक देईन. मराठीत वाचून दाखवता येईल असे सलग, जबाबदार गद्य दुसरीकडे मिळत नाही. शाळकरी मुलांसाठी त्याच मंडळाचा कुमार विश्वकोश अधिक बरा, विशेषतः जीवसृष्टी आणि पर्यावरण यांबद्दल. ताज्या घटना आणि पुढचा दुवा यांसाठी मराठी विकिपीडिया. विज्ञानातल्या बारकाव्यांसाठी इंग्रजी विकिपीडिया, तळटीप तपासण्याची तयारी असेल तरच. आमच्याकडे उत्तर घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक चिठ्ठी देते: कोणता कोश, कोणती नोंद, कोणाची, आणि विकिपीडिया असेल तर पाहिल्याची तारीख व त्या आवृत्तीचा कायमचा दुवा. मुले या चिठ्ठीला ‘पावती’ म्हणतात.

विश्वकोश मंडळाकडे माझी मागणी एकच आहे. प्रत्येक जुन्या नोंदीच्या माथ्यावर, शीर्षकाच्या शेजारी, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशा ठळक अक्षरांत मूळ खंडाचे साल असावे. तेवढ्याने या संकेतस्थळाबद्दलची माझी निम्मी तक्रार मिटेल. तोवर मी आमच्या कपाटातल्या खंडांची साले आणि त्यांतली अक्षरे एका पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवला आहे. सगळ्यात वर ‘अ : १९७६’ असे लाल शाईने लिहिले आहे.